नव्वद टक्के सवलतीचे गेम पडून का राहतात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सेलचे दिवस आले की १९८० आणि १९९०च्या दशकांतल्या अ‍ॅडव्हेंचर गेमची, म्हणजे गोष्टीतली कोडी सोडवत पुढे जायच्या संगणकी खेळांची, बंडले (एकत्र विकायचे संच) ७५, ८०, कधी ९० टक्के सवलतीत दिसू लागतात. ‘किंग्ज क्वेस्ट’चे सात भाग एकत्र, ‘स्पेस क्वेस्ट’चे सहा एकत्र. त्यांना गिऱ्हाईक मिळत नाही आणि मग ठरलेले निदान ऐकू येते: हल्लीच्या खेळाडूंना धीर नाही, वाचायचा कंटाळा आहे, जुने कुणाला नको आहे. यातले एकही कारण टिकत नाही. ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ (२०१८), ‘आउटर वाइल्ड्स’ (२०१९), ‘द केस ऑफ द गोल्डन आयडॉल’ (२०२२) हे गेम भरपूर वाचायला लावतात, तासन्‌तास डोके खाजवायला लावतात, आणि ते लोकांनी डोक्यावर घेतले. जुनेपणाचे म्हणाल, तर स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाच्या २०२४च्या वार्षिक आढाव्यानुसार खेळाडूंचा जेमतेम १५ टक्के वेळ त्या वर्षीच्या नव्या गेमवर गेला. उरलेला सगळा आधीच्या वर्षांतल्या गेमवर.

खरे घोडे पेंड खाते ते डाउनलोड झाल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात. आणि तो अर्धा तास कसा जाणार याची कल्पना गिऱ्हाइकाला बहुतेक वेळा आधीच आलेली असते, कधी दुकानाच्या पानावरची मते वाचून, कधी मागच्या एखाद्या बंडलाच्या अनुभवावरून. किंमत आणखी खाली आणून तो अर्धा तास सुधारत नाही.

आधी गिऱ्हाईक कोण ते पाहू. ज्यांना हे गेम मनापासून आवडतात त्यांच्याकडे ते आहेतच. स्कमव्हीएम हा प्रोग्राम २००१पासून जुन्या सीडी आणि फ्लॉपींवरचे गेम आजच्या संगणकांवर चालवतो आहे. ‘गुड ओल्ड गेम्स’ (आताचे ‘गॉग’) हे ऑनलाइन दुकान २००८मध्ये सुरू झाले आणि या रसिकांनी तेव्हापासूनच आपापले संग्रह पुरे करत आणले. ‘बिनीथ अ स्टील स्काय’ (१९९४) आणि ‘ल्यूर ऑफ द टेम्प्ट्रेस’ (१९९२) हे तर २००३पासून त्यांच्या निर्मात्यांनीच फुकट केले आहेत. ‘किंग्ज क्वेस्ट’च्या पहिल्या तीन भागांची चाहत्यांनी नव्याने रंगवलेली रूपेही विनामूल्य मिळतात. म्हणजे जुन्या रसिकाला सवलतीचे काही वाटत नाही. त्यात स्टीमवर ‘पॅकेज’ आणि ‘बंडल’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंडलामध्ये तुमच्याकडे आधीपासून असलेल्या गेमचे पैसे वजा होतात, पॅकेजमध्ये होत नाहीत. आठांपैकी पाच गेम ज्याच्याकडे आहेत त्याला पॅकेजमध्ये उरलेल्या तिनांसाठी आठांची किंमत मोजावी लागते. असा माणूस साहजिकच हात आखडता घेतो. विक्रेत्याने पॅकेजऐवजी बंडल निवडले तर हा तिढा एका दिवसात सुटतो.

नव्या गिऱ्हाइकाचे वेगळेच. त्याला यातले एकही नाव ओळखीचे नाही, आणि सात गेम म्हणजे त्याच्यासाठी कामाचा ढीग. एकेकाला दहा तास धरले तरी सत्तर तास झाले. शिवाय हीच सवलत वर्षातून कितीतरी वेळा परत येते, त्यामुळे आजच घ्यावे असे कारण उरत नाही.

तरीही कुणी घेतलेच, तर तो काय उघडतो? भाग पहिला. साहजिक आहे, मालिका पहिल्यापासूनच बघायची असते. पण बंडलातला पहिला गेम हा सर्वांत जुना, सर्वांत खडतर आणि नवख्याला सर्वांत गैरसोयीचा असतो. ‘किंग्ज क्वेस्ट’चा पहिला भाग १९८४चा. चित्र १६० बाय २०० ठिपक्यांचे, रंग सोळा. माउसने काही होत नाही. दार उघडायचे तर दाराजवळ जाऊन तशी आज्ञा टंकायची, आणि ती इंग्रजीत, गेमला समजेल त्याच शब्दांत. किल्ल्याबाहेरच्या खंदकाच्या काठावरून पाऊल घसरले की मगरी संपवतात. पुढे एका बुटक्याचे नाव ओळखायचे असते. चेटकिणीच्या घरात सापडलेल्या चिठ्ठीवर एवढेच, की कधी कधी उलटा विचार करणे शहाणपणाचे. खेळाडूला परीकथेतले नाव आठवते, तो ते उलट्या क्रमाने टंकतो आणि चुकतो. कारण इथे नाव उलटे करायचे नसून अख्खी वर्णमाला उलटी करायची आहे: एच्या जागी झेड, बीच्या जागी वाय. १९९०मध्ये हाच गेम नव्याने काढताना सरळ उलटे लिहिलेले नावही चालवून घेतले गेले, म्हणजे कोडे अन्यायकारक आहे हे सहा वर्षांत खुद्द निर्मात्यांनाच पटले होते. मग २०२०च्या दशकातल्या माणसाकडून कसली अपेक्षा करायची?

याच मालिकेचा सहावा भाग (१९९२) माउसने खेळता येतो, चित्रे देखणी आहेत, आवाज आहे, शेवटाकडे जायला दोन वाटा आहेत. नवख्याने तिथून सुरुवात केली तर त्याला ही मालिका लोकांना का प्रिय आहे ते कळते. ‘स्पेस क्वेस्ट’मध्ये आज्ञा न टंकता माउसनेच खेळायची सोय चौथ्या भागात (१९९१) आली. दुकानाच्या पानावर ‘पहिल्यांदाच खेळत असाल तर अमुक भागापासून सुरू करा’ ही एक ओळ लिहायला काहीच खर्च नाही. मी पाहिलेल्या बहुतेक पानांवर ती नाही. तिथे असते ती टक्केवारी, ठळक हिरव्या चौकोनात.

आता पडद्यावर काय दिसते ते सविस्तर सांगायला हवे, कारण गेम ‘कुरूप’ वाटण्याचे मोठे कारण तिथे आहे आणि त्याचा दोष मूळ चित्रकारांच्या माथी मारला जातो. विंडोजच्या आधीच्या डॉस प्रणालीच्या काळातले बहुतेक अ‍ॅडव्हेंचर गेम ३२० बाय २०० ठिपक्यांत काढलेले आहेत. तेव्हाचे मॉनिटर ४:३ प्रमाणाचे होते. हिशेब केला तर त्या पडद्यावरचा प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा १.२ पट उंच दिसत असे, आणि चित्रकार तेच गृहीत धरून रंगवत. आजच्या पडद्याचे ठिपके चौरस आहेत. दुरुस्ती न करता तेच चित्र दाखवले की २४० ओळींच्या उंचीचे दृश्य २०० ओळींत दाबले जाते. माणसे ठेंगणी, चेहरे पसरट, पौर्णिमेचा चंद्र लंबगोल. आणि काही बंडलांत तर चित्र १६:९ पडद्यावर कडेपर्यंत ताणलेले असते. मग सगळेच फुगलेले.

दुरुस्ती सोपी आहे. डॉसबॉक्स हा डॉसचे गेम आजच्या संगणकावर चालवणारा प्रोग्राम; त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘रेंडर’ या विभागात ‘अ‍ॅस्पेक्ट’ची ओळ असते, ती ‘ट्रू’ करायची. स्कमव्हीएममध्ये ग्राफिक्सच्या पानावर अ‍ॅस्पेक्ट रेशोच्या (रुंदी-उंचीच्या प्रमाणाच्या) दुरुस्तीचा चौकोन असतो, त्यात खूण करायची. एक बारकावा इथेच नोंदवतो. दुरुस्त चित्र सर्वांत रेखीव दिसते ते १६०० बाय १२०० या मापात, कारण तेव्हा प्रत्येक ठिपका आडवा नेमका पाचपट आणि उभा नेमका सहापट होतो. १४४० ओळींच्या पडद्यावर हे माप आरामात बसते. १०८० ओळींच्या पडद्यावर बसत नाही, मग काही ओळी जाड आणि काही बारीक येतात आणि पात्र चालू लागले की चित्र थरथरल्यासारखे वाटते. अशा वेळी कडा किंचित मऊ करणारा पर्याय निवडणे बरे. हे सगळे विक्रेत्याने एकदा ठरवून द्यायचे काम आहे, दर गिऱ्हाइकाने नव्याने शोधून काढायचे नाही.

वेगाचेही तेच. तेव्हाचे काही गेम वेळ मोजण्यासाठी प्रोसेसरच्या गतीवर विसंबून असत. डॉसबॉक्समध्ये गती जास्त ठेवली गेली असेल तर पाठलागाचे किंवा नेमबाजीचे प्रसंग डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपतात आणि खेळाडू पुन्हा पुन्हा मरतो. कंट्रोल दाबून एफ ११ ने गती कमी होते, एफ १२ ने वाढते, आणि माउस खिडकीत अडकला तर कंट्रोल व एफ १० ने सुटतो. या तीन कळा माहीत नसल्यामुळे कित्येकांनी गेम कायमचे बंद केले असतील. मॅकवर आणखी एक खड्डा आहे: २०१९च्या कॅटालिना आवृत्तीपासून ३२ बिटचे प्रोग्राम चालेनासे झाले, त्यामुळे जुन्या आवरणात (गेम चालवणाऱ्या सोबतच्या प्रोग्राममध्ये) बांधलेले गेम तिथे उघडतच नाहीत, जरी गेमच्या मूळ फाइली शाबूत असल्या तरी. त्या फाइलींचे फोल्डर स्कमव्हीएमला दाखवले की बहुतेक वेळा काम होते.

संगीताबद्दल थोडक्यात. ‘किंग्ज क्वेस्ट’ काढणाऱ्या सिएरा कंपनीने १९८८च्या चौथ्या भागापासून संगणकाला जोडायच्या रोलंड एमटी-३२ या संगीतयंत्रासाठी संगीत लिहून घेतले. बंडलांत बहुधा त्यापेक्षा साध्या साउंड कार्डाची निवड करून ठेवलेली असते. एमटी-३२ची नक्कल करणारा प्रोग्राम आहे, पण त्याला मूळ यंत्राच्या रॉममधल्या (त्यात कायमच्या साठवलेल्या) फाइली लागतात आणि त्यांचे हक्क गेमच्या मालकाकडे नसतात. इथे विक्रेत्यालाही मर्यादा आहेत, हे मान्य.

पुस्तिकेच्या बाबतीत मात्र कसलीच मर्यादा नाही, आणि सर्वांत जास्त लोक अडकतात ते तिथेच. त्या काळी चोरटी प्रत बनवणाऱ्याला रोखण्यासाठी कोड्याचे उत्तर मुद्दाम छापील पुस्तिकेत ठेवत. ‘किंग्ज क्वेस्ट ६’मध्ये एक उंच कडा चढायचा असतो, त्यावरच्या कोड्यांची उकल गेमसोबत आलेल्या प्रवासपुस्तिकेत आहे, गेममध्ये कुठेही नाही. ‘स्पेस क्वेस्ट ४’मध्ये काळयानाचे काही संकेत पेटीत मिळणाऱ्या छोट्या मासिकात छापले होते. ‘पोलीस क्वेस्ट’मध्ये (१९८७) गस्तीवर निघण्याआधी गाडीभोवती फिरून तपासणी करायची, हे पुस्तिकेतल्या कार्यपद्धतीत आहे, न केल्यास रस्त्यात टायर पंक्चर होऊन खेळ तिथेच संपतो. आजच्या बंडलात ही पुस्तिका पीडीएफच्या रूपात कुठल्या तरी ‘एक्स्ट्रा’च्या कप्प्यात पडलेली असते. ती वाचल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, हे गेम सुरू करताना कुणी सांगत नाही. खेळाडूला वाटते आपली बुद्धी कमी पडली. त्याची बुद्धी शाबूत असते, फक्त त्याच्या हातात अर्धाच गेम दिलेला असतो. गेम पहिल्यांदा सुरू होताना पुस्तिकेची लागणारी पाने आपोआप उघडतील एवढी सोय एका दुपारचे काम आहे.

यापेक्षा गंभीर गोष्ट म्हणजे मागे न फिरता येणाऱ्या चुका. ‘किंग्ज क्वेस्ट ५’ (१९९०) घ्या. गावात एक मांजर उंदरामागे धावते. दृश्य काही सेकंदांचे. त्या काही सेकंदांत मांजरावर जुना बूट फेकून उंदराला वाचवायचे असते, आणि तो बूट आधी वाळवंटात एका सांगाड्यापाशी सापडलेला असला पाहिजे. संधी एकदाच. बऱ्याच वेळाने नायकाला खाणावळीच्या तळघरात दोरीने बांधून टाकतात, तेव्हा तोच उंदीर येऊन दोरी कुरतडतो. उंदीर वाचला नसेल तर कुणी येत नाही. आपण नेमके कुठे चुकलो हे खेळाडूला कळायला मार्ग नाही, आणि त्याने एकाच जागी सेव्ह करत राहिले असेल तर सगळा गेम पहिल्यापासून. त्याच गेममध्ये कस्टर्ड पाय (हा एक गोड खाद्यपदार्थ) भूक लागली म्हणून खाल्ला की पुढे डोंगरातल्या हिममानवासमोर हात रिकामे, कारण तो पदार्थ त्याच्या तोंडावर फेकायचा होता.

असे गेम का बनवले गेले, याला कारण होते. गेम महाग होता, फ्लॉपीवर जागा थोडी होती, आणि घेणाऱ्याला तो काही महिने पुरायला हवा होता. लांबी अवघडपणातून काढली जाई. अडकलेल्यांसाठी सूचनांची पुस्तके वेगळी विकली जात, पैसे मोजून फोनवर मदत मिळे. सगळेच या वाटेने गेले असेही नाही. ‘मंकी आयलंड’कर्ते रॉन गिल्बर्ट यांनी १९८९मध्येच लेख लिहून मांडले होते, की शिकण्यासाठी खेळाडूला मरावे लागू नये आणि नकळत केलेल्या चुकीने त्याचा खेळ वाया जाऊ नये. ‘मंकी आयलंड’ (१९९०) आणि त्यानंतरचे लुकासआर्ट्स कंपनीचे गेम त्याच वळणाचे आहेत. म्हणूनच ते आजही नवख्याच्या हातात बिनधास्त देता येतात. दुकानाच्या पानावर मात्र दोन्ही प्रकार ‘क्लासिक अ‍ॅडव्हेंचर’ याच पाटीखाली बसतात. ‘या गेममध्ये परत न फिरता येणाऱ्या चुका होऊ शकतात, दर तासाला वेगळ्या नावाने सेव्ह करा’ एवढा इशारा दिला तर निम्मा संताप वाचेल. पायरीपायरीने उलगडणाऱ्या सूचनांची पद्धत काही आजची नाही. युनिव्हर्सल हिंट सिस्टिम १९८८पासून आहे, त्यात आधी इशारा मिळतो, मग मोठा इशारा, आणि अगदी शेवटी उत्तर. बंडलात असे काही नसल्यामुळे माणूस व्हिडिओ उघडतो, त्यात पुढची पाच कोडीही दिसून जातात, आणि मग गेम परत उघडावासा वाटत नाही.

परताव्याचा नियम या सगळ्यावर कळस चढवतो. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असेल तरच पैसे परत मिळतात, आणि बंडलाच्या बाबतीत हे दोन तास त्यातल्या सगळ्या गेमचे मिळून मोजतात. सात गेम प्रत्येकी वीस मिनिटे नुसते उघडून पाहिले तरी मर्यादा ओलांडली. चित्र नीट करण्यात, आवाज शोधण्यात गेलेला वेळही त्यातच. ‘गॉग’वर २०२०पासून ३० दिवसांची मुदत आहे, गेम उतरवून चालवला असला तरीही. जुन्या गेमसाठी हीच मुदत योग्य आहे.

ज्यांनी मेहनत घेतली त्यांचे वेगळे झाले आहे. ‘मंकी आयलंड’च्या २००९च्या विशेष आवृत्तीत एफ १० दाबले की नवे चित्र जाऊन १९९०चे चित्र जागच्या जागी येते; सूचना मागायची कळही आहे. ‘ग्रिम फँडँगो’च्या २०१५च्या आवृत्तीत माउसने खेळायची सोय आहे. २०२२च्या ‘रिटर्न टू मंकी आयलंड’मध्ये सूचनांची वही खुद्द नायकाच्या खिशातच आहे. प्रत्येक गेमला असे नवे रूप देणे परवडणार नाही, हे उघड आहे. पण मी वर सांगितले त्यातले काहीही नवी चित्रे मागत नाही.

एका मालिकेचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही, कारण बंडल करण्याचे खरे कारण तिच्यात आहे. ‘क्वेस्ट फॉर ग्लोरी’ (१९८९ ते १९९८) या पाच भागांत एका भागाच्या शेवटी आपला नायक, त्याचे कसब आणि कमाई फाइलमध्ये साठवून पुढच्या भागात नेता येते. पाचही एकत्र घेण्याला इथे अर्थ आहे! आणि बंडलात प्रत्येक भाग वेगळ्या फोल्डरमध्ये कोंडलेला, त्यामुळे ती फाइल हाताने उचलून पुढच्या फोल्डरमध्ये ठेवावी लागते. हे कुठेही लिहिलेले नसते. बहुतेक नवे खेळाडू दुसऱ्या भागात कोरा नायक घेऊनच सुरुवात करतात.

आपल्या दैनिकात गेमच्या सवलतींची माहिती येते, तेव्हा टक्केवारीसोबत दोन ओळी जास्त द्याव्यात अशी विनंती आहे: नवख्याने कुठल्या भागापासून सुरू करावे आणि पुस्तिका आधी वाचणे आवश्यक आहे का. आणि ज्यांच्या संग्रहात असे बंडल न उघडता पडून आहे त्यांच्यासाठी: स्कमव्हीएम उतरवून घ्या, त्यात ‘किंग्ज क्वेस्ट ६’चे फोल्डर जोडा, अ‍ॅस्पेक्टच्या चौकोनात खूण करा, आवाजासोबत अक्षरेही दिसतील असा पर्याय निवडा (मूळ गेममध्ये तो नव्हता), आणि प्रवासपुस्तिकेची पीडीएफ दुसऱ्या पडद्यावर किंवा फोनवर उघडी ठेवा. बंडल घ्यायचे की नाही हेच ठरत नसेल, तर स्कमव्हीएमच्या संकेतस्थळावर अनेक गेमचे त्या काळचे नमुना भाग फुकट आहेत, आधी त्यातला एखादा खेळून पाहा.

आपला,
एक वाचक